विहिणींचा बेटांचा बेत

ता. ४ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते. पुढे कुणी ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणायला नको. माझ्या लेकीने, म्हणजे तुमच्या सुनेने, म्हणजे आपल्या मुंगीने, परवा आपल्याला समोरासमोर बसवून जे सुनावलं ते असं. तिचं बाळंतपण जूनमध्ये. घर एवढंसं. त्या घरात दोन आज्या येणार की पगारी बाई, हे आपल्या वागण्यावर. आपण दोघींनी मिळून आठवडाभराची सहल ठरवायची, एका खोलीत राहायचं आणि तिच्याकडे एकही तक्रार न नेता परत यायचं. जमलं तर दोघींना बोलावणं. नाही जमलं तर दोघींनाही दारं बंद.

तुमचे चिरंजीव शेजारी बसून मान हलवत होते. लहानपणी त्याच्या रडण्याने म्हणे गल्ली गोळा व्हायची, म्हणून त्याला भोंगा म्हणतात. लग्नानंतर तो आवाज कुठे गेला ते तुम्हीच शोधा. माझ्या मुलीने लपवला असं मात्र म्हणू नका.

फोन करायचा नाही, पत्रं लिहायची, ही अटही तिचीच. फोनवर आपण पाचव्या मिनिटाला हमरीतुमरीवर येतो. पत्रात निदान दुसरीचं वाक्य पुरं होतं, असं तिचं म्हणणं. पोरीला अक्कल आहे. कुणाची आली ते सांगत नाही.

आणि हे सगळं कशावरून? त्यांचं घर लावताना मी मिठाचा डबा खालच्या फळीवर ठेवला, तो तुम्ही वर नेला. मी खाली आणला, तुम्ही वर. शेवटी तो असा काही बेपत्ता झाला की मुलं अळणी जेवली. जाऊ दे. मी उकरून काढत नाही.

भोंग्याने दिलेल्या माहितीपत्रकात तीन बेटं आहेत. पहिल्यावर संग्रहालय आणि जुनी नगरी, दुसऱ्यावर समुद्रकिनारा, तिसऱ्यावर डोंगर. माझं मत विचाराल तर सातही दिवस किनाऱ्यावर बसावं. आयुष्य लोकांच्या कमरा सैल करण्यात गेलं, शिलाई मशीनवर वाकून माझी पाठ धनुष्य झाली आहे. तिला वाळूवर आडवं करायचं एवढीच माझी संस्कृती.

उत्तर पाठवा. लोभ असावा, घरात शिल्लक नसला तर उसना आणावा.

तुमची विहीण

•

ता. ११ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. अक्षर सुरेख आहे, त्यामुळे प्रत्येक टोमणा स्पष्ट वाचता आला.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे नोकरी केली. नळ कोरडा पडला की लोक माझ्यावर बरसायचे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्यावर आठवडाभर स्वतःची न करणं मला जड नाही. आपलं आपण पाहावं.

सातही दिवस वाळूत लोळायचं तर बेटं कशाला हवीत, घराशेजारी बांधकाम चालू असेल तिथे चटई टाकावी. मी नीट आखणी केली आहे. पहिले दोन दिवस संग्रहालय, जुनी नगरी आणि मुखवट्यांचा खेळ. मग दोन दिवस आपल्या पाठीसाठी. उरलेले डोंगराला. सकाळी लवकर उठायचं. आमचे हे म्हणतात की माझ्याबरोबर सहलीला जाणं म्हणजे हजेरीपटावर सही करणं. ते येत नाहीयेत, हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो लग्नातल्या फोटोतही नाही.

डोंगर सोपा आहे असं पत्रकात लिहिलं आहे. फोटोतला माणूस हसतोय, पण तो पायथ्याशी उभा आहे हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

एक विचारायचं राहिलं. पहिल्या बेटावरून दुसऱ्यावर जायला बोट आहे, आणि आता पूल झाल्यामुळे बसही आहे. तिकिटं मीच काढणार आहे, तेव्हा काय ते कळवावं.

मिठाच्या डब्याबद्दल मी काही बोलणार नाही. ओलसर फळीवर मिठाला पाणी सुटतं एवढं जगाला माहीत आहे.

लोभ आहेच, तो वाढवलात तर हरकत घेणार नाही.

आपली विहीण

•

ता. १७ फेब्रुवारी

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमची आखणी वाचली. रेल्वेचं वेळापत्रक तिच्यापुढे ढिलं वाटावं. श्वास कधी घ्यायचा ते तेवढं राहिलंय, तो रकाना वाढवा.

संग्रहालयाला माझी ना नाही. शाळा चौथीत सुटली, पण गिऱ्हाइकं कपडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणत ती वाचत वाचत मी शिकले. कागद कुठे फाटेल त्याचा नेम नसायचा. म्हणून मला जगातल्या पुष्कळ गोष्टी माहीत आहेत, पण त्यांचा शेवट माहीत नाही. संग्रहालयात फाटके नसलेले कागद बघायला मिळतील. तिथे मात्र मला घाई करायची नाही. पाटी वाचताना माझे ओठ हलतात, त्याला हसायचं नाही.

डोंगरासाठी तुमच्या अंगावर काय असणार आहे? तुम्ही साडीचा काठ धरून चढाल आणि मी मागून तो सोडवत येईन, असं चित्र मला दिसतं. कमरेचं माप पाठवा, दोन सैल विजारी शिवते. खरं माप पाठवा. इतक्या वर्षांत बाईने पाठवलेलं माप खरं निघालेलं मी पाहिलं नाही.

आणि हो, मला बोट लागत नाही, तेव्हा माझी चिंता नको.

मुंगीचे पाय सुजतात म्हणे. मी विचारलं तर म्हणाली, आई, सहलीचं बघ. परक्यासारखी बोलते हल्ली. त्या घरात जूनमध्ये मी नसले तर, विहीणबाई, मला कशातच राम वाटणार नाही. हे एवढंच वाक्य सरळ लिहिलंय, बाकी सगळं तुम्हाला हवं तसं वाकडं वाचा.

लोभ ठेवा, वर किंवा खालच्या फळीवर, पण ठेवा.

तुमची विहीण

•

ता. २६ फेब्रुवारी

श्रीमती विहीणबाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

सोबत दोघींची तिकिटं. पहिल्या बेटावरच्या खोलीला समुद्राकडे खिडकी आहे. ती उघडते की नाही हे विचारलं, तेव्हा पलीकडच्याने फोन ठेवला.

सगळं आपल्या इच्छेप्रमाणेच केलं आहे. माप चिठ्ठीवर लिहून दिलं आहे. त्यात आपण मनानेच काय ते वाढवावं.

मुंगीच्या पायांखाली उशी ठेवायला भोंग्याला सांगितलं. त्याने ठेवली. मग तिने ती काढून त्याला मारली, असं कळतं. म्हणजे तब्येत ठीक आहे.

फार काय लिहू? लोभाचा पुरवठा नियमित व्हावा.

आपली विहीण

•

ता. २ मार्च

सौ. विहीणबाई यांस,

नमस्कार. विनंती काही नाही आणि विशेषही काही नाही.

तिकिटं मिळाली. पहिल्या बेटावरून दुसऱ्यावर जाताना तुमचं तिकीट बोटीचं आणि माझं बसचं. मी पाकीट उलटं करून झटकलं, दुसरं काही पडलं नाही. म्हणजे तुम्ही डेकवर उभ्या राहून वारा खाणार आणि मी पुलावर बसून धूर. वर लिहिता, सगळं तुमच्या इच्छेप्रमाणे केलं. वा! शिंपीण आहे, बसने येईल. खिडकीमागची बाई बोटीने जाईल. कापड एकच, पण अस्तर कुठलं आणि दर्शनी बाजू कुठली ते तुम्हाला बरोबर कळतं.

खोटं कशाला बोलू, मी मुंगीला फोन लावला. म्हटलं, सांगून टाकते, आण तुझी पगारी बाई. तिने उचलला आणि लगेच विचारलं, आई, काय झालं? तो आवाज इतका घाबरलेला होता की माझं तोंडच मिटलं. मी विचारलं, पायाची सूज उतरली का. म्हणाली, तेवढ्यासाठी फोन केलास? म्हटलं, हो, तेवढ्यासाठीच. तुमचं नाव काढलं नाही. का नाही काढलं ते मलाही कळत नाही, तेव्हा आभार मानू नका.

विजार शिवून झाली आहे. रागाच्या भरात टीप जरा घट्ट पडली.

विहीण

•

ता. ७ मार्च

श्रीमती विहीणबाईंच्या सेवेशी,
सा. न. वि. वि., आणि या वेळी ‘सा’ म्हणजे साष्टांगच समजावा.

आपलं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. आपलं मागचं पत्र काढून ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ‘मला बोट लागत नाही, तेव्हा माझी चिंता नको.’ ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, अगं, त्या बिचाऱ्या सांगतायत की बोटीत त्यांना मळमळत नाही; तू काय समजलीस?

मी काय समजले? मी विचारलं होतं बोट की बस. आपण लिहिलंत बोट लागत नाही. मी समजले, हिला बोटीची गरज नाही, ही बसने येणार. वर ‘माझी चिंता नको’. म्हटलं, बाई मानी आहे, माझ्याबरोबर एका बाकावर बसायला नको असेल. मलाही लागलं थोडं. मनाला.

आता आपण कुणाला दोष देणार? भूक लागते, ठेच लागते, नजर लागते, शिस्त लागते, घराला घर लागून असतं आणि माणसाला माणूस लागतं. सगळ्यांना एकच शब्द पुरवायचा, मग विहिणींची भांडणं नाही होणार तर काय होईल? तक्रार कुठल्या खिडकीवर द्यायची तेवढं मला माहीत नाही.

आणखी एक सांगते, मुलांना कळू देऊ नका. मला बोट लागते. आपल्या अर्थाने. किनारा सुटला की मी पांढरीफटक पडते. आपण बसने जाणार हे वाचून मला हायसं वाटलं होतं; निदान विहिणीसमोर बादलीत तोंड घालावं लागणार नाही. मग मीच बस का नाही घेतली? कारण का घेतली ते आपल्याला सांगावं लागलं असतं.

मुंगीला आपण काही बोलला नाहीत. आभार मानू नका म्हणालात, म्हणून मानत नाही. पण आपल्या जागी मी असते तर बोलून मोकळी झाले असते, हे कबूल करते.

आपल्या लोभाची मलाही गरज आहे. इथे ‘लागतो’ असं मुद्दामच लिहीत नाही.

आपली विहीण

•

ता. १२ मार्च

सौ. विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून मी दुकानात एकटीच इतकी हसले की गिऱ्हाईक दारातून परत गेलं. कोट तसाच बगलेत.

माझं तिकीट बदलू नका. मी बसनेच येते आणि तुम्हीही बसनेच या. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, असं चौकशी करून कळलं, ती तुमच्या नावाने ठेवायला सांगितली. तिसऱ्या बेटाला पूल नाही, तिथे बोटीला इलाज नाही. तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसा, मी समुद्राकडे बघत राहीन. काय दिसलं असं कुणी विचारलं तर मासे म्हणून सांगेन.

विजारीची टीप उसवून पुन्हा घातली. माप तुम्ही दोन बोटं कमी पाठवलं होतं, ते मी मनाने वाढवलं. बोटं म्हणजे हाताची. हे लिहिलेलं बरं.

लोभ आहे तसाच राहू द्या, त्याला धुऊ नका, आटेल.

तुमची विहीण

•

ता. २९ मार्च

चि. मुंगी आणि चि. भोंगा यांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र आम्ही दोघी मिळून तिसऱ्या बेटावरच्या खानावळीत लिहीत आहोत. अक्षर मुंगीच्या आईचं आहे, कंसातल्या तक्रारी तिच्या सासूच्या आहेत. (तक्रारी नाहीत, दुरुस्त्या आहेत.)

आमची सहल छान चालली आहे. संग्रहालयात मी एकेक पाटी वाचत होते आणि तुझ्या सासूबाई माझ्यामागे उभ्या राहून पहारेकऱ्याला सांगत होत्या की बंद व्हायची वेळ झाली असली तरी या बाईंचं वाचून होईपर्यंत दिवे मालवायचे नाहीत. पहारेकरी म्हणाला, नियम आहे. त्यांनी विचारलं, लेखी आहे का? तो दाखवायला शोधू लागला, तोवर माझं दालन संपलं. (त्याला तो नियम अजून सापडला नसेल.) मुखवट्यांच्या खेळात एक सासू आणि एक सून होती. बेतास बात.

किनाऱ्यावर माझी पाठ सरळ झाली. त्या वेळी तुझ्या सासूबाई छत्रीखाली शिस्तीत बसून वाळूला दोष देत होत्या. (वाळू सगळीकडे जाते. हे पत्रकात लिहिलं नव्हतं.) इथे येताना बोटीतून आम्ही मासे पाहिले.

काल डोंगर चढलो. म्हणजे अर्ध्यावर एका सपाट दगडापर्यंत. तिथे सासूबाईंचा गुडघा संपावर गेला. त्या म्हणाल्या, तुम्ही पुढे जा. मी म्हटलं, वरून जे दिसतं ते खालून उलटं दिसतं, मला उलट बाजू बघायची सवय आहे. आणि बसले. (पुढे जायची त्यांचीही ताकद नव्हती. पण बसल्या, हे खरं.) शिखर आम्ही पाहिलं नाही. शिखराने आम्हाला भरपूर पाहिलं.

त्या दगडावर आम्ही भांडलो. कडकडून. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. येणारे-जाणारे थांबून ऐकत होते, एकाने तर पाण्याची बाटली देऊ केली. भांडणाचा विषय बाळ. ते पहिल्यांदा हातात कुणी घ्यायचं? मी म्हटलं, मुलीची आई. या म्हणाल्या, मुलाची. उतरताना दोघी एकमेकींचा हात धरून उतरलो, कारण वाट निसरडी होती, पण बोलणं बंद. (वाट निसरडी होतीच.)

आता तुमच्या अटीबद्दल. एकही तक्रार आली नाही, म्हणजे परीक्षेत आम्ही पास. पण पोरांनो, आईला आणि सासूला परीक्षेला बसवायचं तुम्हाला सुचलं तरी कसं? त्याबद्दल आमची एक तक्रार आहे, आणि ती दोघींची मिळून आहे. तुमच्या अटीत तक्रार नेऊ नका एवढंच होतं, एकमेकींबद्दल. तुमच्याबद्दल काही ठरलं नव्हतं. (शब्द नीट पाहून घेतले आहेत.)

तेव्हा आम्ही दोघी येतो. आळीपाळीने नाही, एकदमच. भोंग्या, तू बाहेरच्या खोलीत झोपशील. मुंगे, पाय वर घेऊन बसशील, उशी कुणाला मारणार नाहीस. पगारी बाईला नाही म्हणून कळवून टाका. स्वयंपाकघर कसं लावायचं ते आम्ही ठरवलं आहे. तुम्ही त्यात मत देऊ नये.

बाळाचंही ठरलंय. आज सकाळी चहा पिताना तुझ्या सासूबाई आपणहून बोलल्या की पहिल्यांदा हातात त्याची आईच घेईल, मग बाप, नि आपण दोघी मुकाट रांगेत उभ्या राहू. मी त्यांच्या कपात चहा ओतला. (तो माझा कप नव्हता, त्यांचाच होता. तरी मी प्यायले.)

रांगेत पुढे कोण, ते मात्र अजून ठरायचंय. जूनपर्यंत वेळ आहे.

तुमच्या,
आई आणि आई