एक जुलैची मंडळी

यवतमाळ, १४ जून

ती. मोठेबाबा आणि मोठीआई यांस,
पायलचा सविनय जयभीम.

पोस्टातून रिटायर झालात तरी फोनवरची बातमी तुम्ही खरी मानत नाही, म्हणून हे पत्र. माझं मेक्सिकन हॉटेल उघडून तीन महिने झाले. पाटीवर ठळक ‘फॅमिली’ लिहिलं, लहान मुलांसाठी उंच खुर्च्या आणल्या. लोक बाहेर उभे राहून टाकोचा फोटो बघतात आणि समोर समोसा खायला जातात.

बाबांनी तर अजून पाऊलही ठेवलं नाही. नागपूरची नर्सची नोकरी सोडून पोरगी कायले मक्याच्या पोळ्या लाटून राह्यली, असं ते आईला विचारतात. माझ्याशी बोलत नाहीत. जुलैअखेर बंद कर आणि नोकरीवर जा, एवढा निरोप आला. त्यांनी एकदा येऊन जेवावं, मग बंद करायला सांगितलं तरी मी ऐकेन.

नवी योजना काढली आहे. आधार कार्डावर ज्याचा वाढदिवस त्या दिवशी असेल, त्याचं जेवण फुकट. त्याच्या डोक्यावर घेरदार मेक्सिकन टोपी घालून आम्ही गाणं म्हणतो. आतापर्यंत एकच मुलगी आली. बाबांना समजावाल का?

मोठीआईच्या गुडघ्याचं कळवा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
पायल


कळंब, २० जून

चि. पायल हिस,
मोठ्याबाबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिकीट वाकडं लावलंस.

धाकटा भाऊ असला तरी तुझ्या बापाला, वामनला, समजावणं माझ्याच्यानं होणार नाही. तो लहानपणीही ऐकत नव्हता. पण तुझी योजना मी तीनदा वाचली. एकटेच काहून हसून राह्यले, असं तुझी मोठीआई कौसल्या विचारत होती.

माझा वाढदिवस एक जुलैला असतो. त्या संध्याकाळी येतो. पाटीवर फॅमिली आहे म्हणून एकटा येत नाही, दोनचार ओळखीचे असतील. पीठ जरा जास्तच भिजव. जिवाला घोर लावून घेऊ नको.

तुझा,
मोठाबाबा


यवतमाळ, ३ जुलै

ती. मोठेबाबा यांस,
जयभीम घालू की भांडू, तेच कळत नाही.

दोनचार म्हणालात आणि टेम्पोभर माणसं उतरवलीत! एकवीस म्हातारे-म्हाताऱ्या, एकवीस आधार कार्डं आणि प्रत्येकावर एक जुलै. मला वाटलं, कार्डं खोटी आहेत. मग धुरपताबाईंनी सांगितलं, की जन्मतारीख कोणाच्याच घरी माहीत नव्हती; शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच लिहून टाकली, आता त्यात त्यांचा काय दोष.

टोपी एकच. ती डोक्याडोक्यांवरून फिरली, गाणं एकवीस वेळा झालं, माझा आवाज बसला. डोंगरसिंगकाकांना आमची साल्सा चटणी मिळमिळीत लागली, तर त्यांनी खिशातून ठेच्याची पुडी काढून अख्ख्या टेबलाला वाटली. मागून या सगळ्यांच्या लेकी, सुना, नातवंडं आली आणि गर्दी बघून समोसेवालाही बायकोला घेऊन आला! बसायला जागा उरली नाही.

एकविसावं कार्ड बाबांचं होतं. हक्काचं हाय म्हणून आलो, तुह्यासाठी नाही, असं सांगून भिंतीकडे तोंड करून बसले. तीन टाको खाल्ले. मी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. गाणं संपेपर्यंत ते हलले नाहीत. नंतर मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात ते उठून टेम्पोत जाऊन बसले.

त्याचा अर्थ काय घेऊ? माझं मागणं पुरं झालं, आता बंद कर म्हणाले तर मला ऐकावं लागेल. दोन दिवस नुसतं रडू येतंय. त्यात टोपी हरवली. एकवीस जणांत कोणाकोणाला विचारू?

उत्तर लवकर धाडा, हीच विनंती.

तुमची,
पायल


कळंब, ९ जुलै

चि. पायल हिस,
बाबाचा आशीर्वाद.

मी नको म्हणत असताना दादानं तुझं पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

टोपी माझ्याकडे आहे. घरी आल्यावर तुझी आई हसली, तेव्हा समजलं की ती डोक्यावरच राहिली. परत धाडणार होतो, पण वावरात तिची सावली खांद्यापर्यंत पडते. तू दुसरी घे.

राजमा चांगला शिजला होता. तिखट कमी होतं.

माझी आई सांगायची, की मी झालो तेव्हा कापसाची पहिली वेचणी चालू होती. म्हणजे माझा खरा वाढदिवस दिवाळीच्या सुमाराला येतो. गुरुजींच्या तारखेला जेवलो, आता आईच्या तारखेला येणार आहे, तुझ्या आईला घेऊन. कार्डावर तशी तारीख नाही, तेव्हा त्या दिवशीचे पैसे मी देईन.

तोवर हॉटेल बंद करता येणार नाही.

तुझा,
बाबा