निजलेल्या माणसाचा कठडा

नाना, जळगावातल्या तुम्ही आखलेल्या तीन मजली इमारतीच्या पश्चिमेला सात मजले होणार, हे आता नक्की झालं. सुधारित नकाशा मंजूर झाल्याचं महापालिकेच्या नगररचना विभागातल्या बाईंनी आज दुपारी फोनवर सांगितलं. नकाशा माझा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ही बातमी तुम्हाला कळवायचं कारण उरलेलं नाही. तरी फोन ठेवल्यावर दुसरं कोणी आठवलं नाही.

बिल्डर पहिल्यांदा आला तेव्हा तुमच्या इमारतीवर खूश होता. सपाट स्लॅब, लांब छज्जे, सिमेंटच्या जाळ्या. हे जुनं आता पुन्हा चालतं म्हणाला. नव्या इमारतीला तीच जाळी हवी, म्हणजे दोन्ही शेजारी शोभतील. कुठे लावायची, तर रस्त्याकडच्या भिंतीवर. म्हणजे जाळीच्या मागे वीट. मला तुमचं धुळ्याचं ऑफिस आठवलं. मी तिथे नवी होते. याच इमारतीच्या दुरुस्तीचं काम आलं होतं, गच्चीच्या कठड्याची जाळी जागोजाग फुटली होती आणि मी तिच्या जागी विटांची भिंत आखून कागद तुमच्यापुढे ठेवला होता. स्वस्त आणि मजबूत. तुम्ही चष्मा खिशात घालता आणि मला घेऊन जळगावच्या एसटीत बसता. गच्चीवर पोचतो तेव्हा बायका संध्याकाळचं पाणी मारताहेत, तापलेल्या फरशीतून वाफ निघते आहे, अंथरुणं अजून गुंडाळलेली आहेत. तुम्ही मला आडवं होऊन बघायला सांगता. चारचौघांत कसं पडायचं म्हणून मी घुटमळते, तर एक बाई हसत स्वतःची सतरंजी पसरते आणि माझ्या शेजारी बसते. मी पडते. उभी असताना खांद्याला लागणारा वारा आता जाळीतून थेट तोंडावर येतो. परतीच्या वाटेवर तुम्ही एवढंच म्हणालात, "कठडा उभ्या माणसाचा नसतो गं, निजलेल्याचा असतो." नंतर मी ती भिंत खोडली.

सतरंजीवाली ती बाई आता सगळ्यांची अक्का आहे, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला मी तिथल्या रहिवाशांकडे गेले ती मनात क्षमा मागायची तयारी करून. तुमच्या इमारतीवर दुपारनंतर माझ्या सात मजल्यांची सावली पडणार होती. पण मंडळी आनंदात. पश्चिमेच्या भिंती वैशाखात तव्यासारख्या तापतात, तिथे सावली फुकट मिळतेय म्हटल्यावर तक्रार कोण करणार. खालच्या मजल्यावरचे आबा म्हणाले, आता कूलरला तरी सुट्टी मिळेल. चहा आला, वास्तुशांतीला आम्हाला बोलवा अशी थट्टा झाली. अक्का मूळची सावद्याकडची, बोली अजून तिकडचीच. ती तेवढी कप गोळा करत होती. मी निघताना म्हणाली, "सावली त देशीन तू माय, पन रातचा वारा कोठून आनशीन?"

बाकीचे हसले. त्यांच्या घरांत कूलर, एसी आहेत. उन्हाळ्यात गच्चीवर आता पाण्याच्या टाक्या आणि अक्का, एवढेच असतात. मला मात्र हसता आलं नाही. आमच्याकडे रात्रीचा वारा पश्चिमेकडून येतो हे तुम्हीच शिकवलेलं, आणि नेमकी तीच बाजू मी बुजवत होते. तुमच्या गच्चीच्या उंचीवर येणारा माझा मजला अख्खा मोकळा ठेवायचा नकाशा मी केला. बिल्डरने तो शांतपणे पाहिला. म्हणाला, "ताई, वारा बुकिंगला येणार आहे का?" मग महिनोन् महिने तेच. मी मोकळं ठेवायचं, त्याने भरायचं. शेवटी त्या मजल्यावरचा मधला भाग, जिन्यासमोरचा, आरपार उघडा राहिला. बदल्यात रस्त्याकडच्या भिंतीवर तुमची जाळी मी नकाशात आखून दिली. मागे वीट आहे. लोक खालून बघून म्हणतील, जुन्याला काय छान जुळवून घेतलंय. त्यावर वाद घालायची ताकद आता माझ्यात नाही, नाना.

सोमवारी प्लॉटवर पायाच्या आखणीची फक्की पडेल, मग खोदाई. आज संध्याकाळी अक्काला मंजुरीचं सांगायला गेले. अक्का, कागदावर वारा तुमच्यापर्यंत पोचतो, म्हटलं. ती म्हणाली, "इमारत होऊ दे. मंग चैतात येजो, दोघी वर निजू. समजीन येतो का नही." मी येते म्हटलं.

हे पत्र कुठे टाकणार, फाइलीत राहील. फक्त एक गोष्ट अक्काला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. मी स्वतः कित्येक उन्हाळे खिडक्या लावून, एसीत झोपते आहे.