भिंतीची बाजू

रविवार, १२ एप्रिल

प्रिय धाकटी,

अनेक आशीर्वाद.

आज सुट्टी. सकाळी उठून चहा केला, खारूचा झाकून ठेवला. मोठ्या चादरी मशीनला लावल्या, खिडक्यांच्या जाळ्या पुसल्या. दुपारी जेवलो. मी टेबलावर आणि ती तिच्या खोलीत, ताट मांडीवर घेऊन. नंतर ती मैत्रिणीकडे गेली. चादरी दोरीवर वाळताहेत आणि मी लिहायला बसलो आहे. (तिला आता खारू म्हटलेलं चालत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला खारीचं नाव नको असतं म्हणे. म्हणून फक्त पत्रात.)

तुझी तब्येत बरी असेल. दवाखान्यात गर्दी कशी आहे? लोकांचे दात सुट्ट्यांतच दुखतात असं तू म्हणायचीस.

तुला फोन केला नाही. तू उचलला असतास, आणि मग मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून दिला असता. तुझी ताई म्हणायची, "यांना मनातलं विचारा, हे ड्रेनेज कुठून जातं ते सांगतील." जन्मभर इमारतींच्या नळांचे आणि सांडपाण्याचे नकाशे काढून माणसाचं असंच होत असावं. म्हणून पत्र.

सुट्टीतल्या सहलीला जहाजावरच्या खोलीचं ठरवायचं राहिलं होतं, त्याबद्दल लिहितो. मजल्यांचा नकाशा मी पुन्हा नीट पाहिला. आपण ज्या खोलीपाशी थांबलो होतो तिच्या बरोब्बर वर पोहण्याचा तलाव आहे. म्हणजे उजाडल्यापासून डोक्यावर खुर्च्या ओढल्याचा आवाज. ती नकोच. पुढच्या टोकाला जहाज जास्त वरखाली होतं, मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. तेव्हा मधली, खालच्या मजल्यांपैकी, वर आणि खालीही माणसांच्याच खोल्या असलेली, आणि लिफ्टपासून जरा लांब अशी घ्यावी.

बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की दिवस कुठला नि रात्र कुठली ते कळत नाही. खारू तिथे दुपारपर्यंत झोपेल. तिसऱ्या माणसासाठी छतातून खाली येणारा पलंग असतो, त्याला शिडी. मी त्याचं माप विचारून घेतलं. खारूचे पाय त्याच्या बाहेर येतात. सोफा उघडून त्याचा पलंग केला तर बाथरूमला जायला वाट उरत नाही, एकानं उठायचं तर सगळ्यांनी उठायचं.

बघ, अर्धं पान झालं आणि मी अजून लिफ्टपासून किती लांब तेच सांगतो आहे.

त्या शनिवारचं लिहायला हवं. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहितो. माझ्या बाजूनं काय घडलं ते तुला माहीत नाही.

प्रवास कंपनीतली, गळ्यात साखळीनं चष्मा अडकवलेली ती बाई आठव. आपण तिघं समोर बसल्याबरोबर ती म्हणाली, "हं, आई, बाबा आणि कन्यारत्न." खारूनं डोळे फिरवले. मी मनात म्हटलं, धाकटी सांगेल. तुला वाटलं असेल, मी सांगेन. एवढ्यात बाईनं तुझ्याकडे बघत विचारलं, "आईंना गाडी लागते का? तसं असेल तर मधली खोली बघू." आणि खारू म्हणाली, "आईला? वळणाचा रस्ता आला की लगेच. पिशवी हातात घेऊनच बसते."

तुला गाडी लागलेली मी कधी पाहिली नाही. तू हलत्या बसमध्ये सुईत दोरा ओवतेस. पण तू काही बोलली नाहीस. मीही नाही. खारू बोलतच राहिली. आईला सकाळी लवकर जाग येते, मग ती कुणाला उठवत नाही, बाहेर जाऊन बसते, म्हणून बाल्कनी पाहिजेच. हे सगळं ताईचं. तिला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. त्या वर्षात पोर एका दमात इतकं बोललेली मी ऐकली नव्हती. तूही ऐकत होतीस. मला वाटतं, तू त्यासाठीच गप्प राहिलीस.

मी मात्र खारूसाठी गप्प नव्हतो. मला बरं वाटत होतं. पेन्सिल घेऊन नकाशावर खुणा करत होतो, एका बाजूला पोरगी, एका बाजूला तू, समोर एक बाई आपल्याला खोल्या दाखवते आहे. तू मला टोमणासुद्धा मारलास, "भाऊजी, जहाज सुटायच्या आत तुमच्या खुणा पुऱ्या होतील ना?" हा 'भाऊजी' त्या बाईला ऐकू गेला असता तर बरं झालं असतं. ती तेव्हा छपाईचं यंत्र चालू करायला उठली होती.

परत येऊन ती म्हणाली, "मुलगी मोठी आहे, मी सांगते ते ऐका. मधलं दार असलेल्या दोन खोल्या घ्या. कागदावर प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस लागतं, म्हणून एकीत आईंचं नाव टाकू, एकीत बाबांचं. आत गेल्यावर कोण कुठे झोपतं ते आम्ही बघायला येत नाही." आणि हसली. मग विचारलं, "तुमच्या दोघांच्या खोलीत पलंग जोडून ठेवायचे की वेगळे?"

मी मान वर न करता म्हणालो, "जोडलेलेच राहू द्या. हिला भिंतीची बाजू लागते."

बाईनं ते टाइप केलं.

तू उठलीस. "गाडी नीट लावली आहे का बघून येते," म्हणालीस. आपण बसनं आलो होतो.

तू परत येणार नाहीस हे मला तुझी पाठ बघूनच कळलं, तरी मी दाराकडे बघत राहिलो. खारूनं त्या बाईला सांगितलं, "ती मावशी आहे माझी. आई वारली." बाईनं चष्मा काढला, बोटं कळफलकावरून उचलली, फार वाईट वाटलं म्हणाली. पण तिचंही काम होतं. थोडं थांबून तिनं हळूच विचारलं, "मग पलंग वेगळे करू का?" मी म्हटलं, नंतर कळवतो. एवढंही मला जमलं नाही. तू आणि मी असे तिच्या यंत्रात पुढचे सहा दिवस तसेच राहिलो. ऑफिसात बसून तेच डोक्यात येई.

तुझी पाण्याची बाटली टेबलावर राहिली होती. ती आणली, धुऊन ठेवली.

तुमच्या आत्याबाईंचा फोन आठवतो? "मुलीला आई, तुला घर, तिला आधार. एका दगडात तीन पक्षी." मी चिडून ते तुला सांगितलं आणि तू म्हणालीस, "म्हणजे दगड कोण, मी?" आपण किती हसलो होतो. आता तुला वाटत असेल की माझं ते हसणं वरवरचं होतं. तेव्हापासून माझ्या मनात हेच होतं. आणि ते परक्या बाईसमोर, पोरीसमोर बाहेर पडलं.

सवयीनं तोंडातून गेलं, असं लिहून मी हे संपवू शकतो. तू विश्वासही ठेवशील. सतरा वर्षं जिथे जिथे उतरलो तिथे पलंगाचं हेच उत्तर मी दिलं आहे, आणि घरी अजून मी पलंगाच्या बाहेरच्या कडेलाच झोपतो, भिंतीकडे सरकत नाही.

पण ते पुरतं खरं नाही. रविवारी तू येणार म्हणून मी दाढी करायचो. एरवी ऑफिसलासुद्धा दोन दोन दिवस तसाच जात होतो. चादरी रविवारीच धुवायचो, कारण मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. तू दोन कोपरे धरून माझ्याकडे चालत यायचीस आणि माझ्या हातातले घ्यायचीस. "काटकोन, भाऊजी, काटकोन. नकाशे काढता ना?" एवढंच. याच्या पुढे मी मनातसुद्धा काही नेलं नव्हतं, असं मला वाटत होतं. तुझ्यात ताई दिसली असं म्हणावं, तर तो तुम्हा दोघींचा अपमान होईल. तुम्ही एकसारख्या नाही. तिनं कोपरे कधी जुळवले नाहीत.

तू माझ्या घरी येत होतीस ती बहिणीच्या लेकीसाठी. तिच्या केसांना तेल लावायला, तिच्याशी भांडायला, तिला हसवायला. तुला माझ्यापासून जपून बसायची गरज वाटावी असं माझ्या हातून झालं, याची मला लाज वाटते. याहून चांगला शब्द मला येत नाही.

खारू त्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. घरी दोन दिवस "हो", "नाही", "ठेव तिथे" एवढंच. मंगळवारी मी भांडी घासत होतो, ती पाणी प्यायला आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "बाबा, तुला मावशीशी लग्न करायचंय?"

"नाही," मी म्हटलं.

"मग का म्हणालास तसं?"

मी नळ बंद केला. म्हटलं, "चुकलं माझं."

"तुझं चुकलं आणि माझी मावशी गेली," ती म्हणाली. "ती माझी होती, बाबा. तुझी नव्हती." पेला तसाच ओट्यावर ठेवून गेली. पाणी प्यायलीच नाही.

धाकटी, मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. ते करणं न करणं तुझ्याकडे. पण पोरीचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मला तुझ्यापर्यंत पोचवायला हवं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटा त्या बाईकडे गेलो. या वेळी बसायच्या आधीच सांगितलं: मावशी आणि भाची, एक खोली. वडील वेगळे. तिनं काही विचारलं नाही. तुम्हा दोघींची खोली सहाव्या मजल्यावर मधोमध आहे, बाल्कनीची, पलंग वेगळे. खारू बाल्कनीकडचा मागेल, तू देऊ नकोस. माझी दोन मजले खाली, मागच्या टोकाला, एका माणसाची, बिनखिडकीची. मधलं दार कुठेच नाही.

नकाशा खारूला दाखवला. ती बराच वेळ बोट फिरवत होती. म्हणाली, "तुझ्या खोलीला खिडकीच नाही?"

"मला काय करायची?"

"दिवस कधी उजाडला ते कसं कळणार तुला?"

"घड्याळ आहे."

तिनं नकाशाची घडी केली. मग म्हणाली, "सकाळी आमच्या बाल्कनीत चहाला ये." आणि लगेच, "मावशीला विचारून."

तर विचारतो. आणि तुला मी जहाजावर मुळातच नको असेन, तर माझी एकट्याची जागा गुरुवारपर्यंत रद्द करता येते. कारण सांगायची गरज नाही. "नको" एवढाच निरोप पाठव, मी खारूला ऑफिसात सुट्टी मिळाली नाही म्हणून सांगेन. तुम्ही दोघी मात्र जाच. यापुढे रविवारी मी जेवणानंतर बाहेर पडेन आणि संध्याकाळी येईन. ऑफिसात जुने नकाशे लावायचे पडले आहेत, वेळ जाईल. घराची किल्ली तुझ्याकडे आहे, ती तुझ्याकडेच असू दे.

वर लिहिलं की खारू मैत्रिणीकडे गेली. तसं ती सांगून गेली. पण मी जाळ्या परत बसवत होतो तेव्हा ती खिडकीतून दिसली. मैत्रिणीकडे जायला रस्ता ओलांडावा लागत नाही. ती पलीकडच्या थांब्यावर उभी होती, तुझ्याकडे येणाऱ्या बसच्या. हातात तुझी बाटली होती. हे पत्र मिळेल तोवर ती तुझ्याकडे येऊन गेली असेल आणि तू तिला पुन्हा जेवायला घातलं असशील. मी तिला काही विचारणार नाही. तूही सांगू नकोस की मी पाहिलं.

चादरी वाळल्या आहेत, ऊन उतरायच्या आत काढायला हव्यात. मोठी चादर एकट्यानं घडी करायची म्हणजे मधोमध हनुवटीखाली धरायची आणि हात लांब करून दोन्ही टोकं एकत्र आणायची. कोपरे जुळत नाहीत. पण कपाटात मावण्याइतकी घडी होते. ती घालतो आता.

तुझ्या ताईचा नवरा