वरच्या गल्लीचं पाणी

१२ ऑगस्ट, मंगळवार

नाक्यावरची पाळी करून आले. पायाची बोटं अजून आपली वाटत नाहीत. काय हा हिवाळ्यातला वारा! डोळ्यांत धूळ, दातांत धूळ. घरात शिरल्यावर वाटलं घोटभर गरम काही करावं, तर गॅस संपलेला. आणि गॅसची गाडी कोणी अडवली? आम्हीच!

ओरूरो शहराकडे जाणारा रस्ता आम्ही अडवलाय, तोच आमचा नाका. मोठाले दगड, टायरं, एक तुटकी लोखंडी कॉट. आमच्या विल्या साल्वादोर वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस पाळीने रस्त्यावर बसतो. मागणी एकच — वरच्या गल्ल्यांना नळ. सरकार म्हणतं आधी दगड उचला, मग बोलू. आम्ही म्हणतो आधी सही करा, मग उचलू. रुसलेल्या नवरा-बायकोसारखं चाललंय, पहिलं बोलायचं कोणी!

आज सभेत डोन्या कासिमिरा नेहमीसारखी मुठी आवळून ओरडली, "मरेपर्यंत!" सगळे ओरडले, "मरेपर्यंत!" मीपण ओरडले. मध्येच जांभई आली, ती शालीखाली दाबली.

१३ ऑगस्ट, बुधवार

नवऱ्याचा, फोर्तुनातोचा फोन. खालच्या गरम मुलखातून, चापारेहून, ट्रकमध्ये केळी भरून निघालाय. मी म्हटलं, "येऊ नकोस रे बाबा, रस्ता बंद आहे." तर म्हणतो, "मी पोचेपर्यंत उघडाल की गं!" आणि हसत ठेवून दिला. ह्या माणसाला आजवर कुठली गोष्ट गंभीर वाटली आहे?

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अडकला. आमच्याच दगडांपलीकडे, गाड्यांच्या रांगेत. पुढे ट्रक, मागे ट्रक, वळवायची सोय नाही. सूप आणि सुकवलेले बटाटे घेऊन चालत गेले. तासभर लागला. रांगेतले ड्रायव्हर मला बघून गप्प झाले — बाई नाक्यावरची आहे हे कपड्यांवरून कळतं वाटतं!

फोर्तुनातो केबिनमध्ये दोन घोंगड्या पांघरून बसलेला. खोकतोय. मागच्या वर्षी छातीत पाणी झालं होतं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, थंडी अजिबात लागू द्यायची नाही. इथे तर पहाटे काचेवर आतून बर्फ धरतं.

"गाडी सोड आणि घरी चल."

"सोडतो की! उद्या सकाळी चाकं सुद्धा राहायची नाहीत." मग सूप फुंकत म्हणाला, "दुकानदार रुफिनोच्या मेहुण्याची गाडी काल आत घेतली म्हणे तुमच्या लोकांनी."

"घेतली असेल."

"मग मला का नाही?"

"कारण त्याची बायको समितीवर नाही. माझ्या नवऱ्याची गाडी सोडली, तर उद्या प्रत्येक जण आपापला नवरा घेऊन येईल."

त्याने वाडगं पुसून परत दिलं. "बरंय. सगळ्या रस्त्यावर तुझ्या नवऱ्यालाच तेवढा नियम!" चिडला असता तर बरं झालं असतं. चिडला नाही. रस्ताभर मीच स्वतःशी भांडत आले.

१७ ऑगस्ट, रविवार

नाक्यावर विद्यापीठातली एक मुलगी आली, अबिगाइल नावाची. गोड पोरगी. थर्मासभर आपी, जांभळ्या मक्याचं गरम पेय, घेऊन आली, त्यामुळे सगळ्यांची लाडकी झाली. माणसं आंदोलनात का येतात आणि कधी सोडून जातात, ह्यावर ती अभ्यास करतेय.

म्हणाली, "आमच्याकडे असं मानतात की शहाणा माणूस घरी बसेल. नळ आला तर सगळ्यांनाच येणार, मग आपण कशाला थंडीत मरायचं? दुसरे लढतील! मग तुम्ही का येता, डोन्या नेमेसिया?"

मी म्हटलं, "मी नाही आले तर हिला दिसेल ना!" आणि कासिमिराकडे बोट केलं. कासिमिरा म्हणाली, "आणि मी नाही आले तर हिला!" सगळे खो खो हसले. किती दिवसांनी हसलो.

मुलीने पुढे विचारलं, "आणि सगळ्यांनाच घरी जावंसं वाटलं, तर?" तेव्हा कासिमिरा उठून विस्तव सारखा करायला लागली.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुपारी डोन सेवेरो घरी आले. वस्तीचे अध्यक्ष, म्हणून मी शिवणाचं मशीन थांबवलं. बायकोचा पोयेरा घेऊन आले होते, घेराची टीप उसवली म्हणून. पण घागऱ्याची टीप उसवली म्हणून नवरा येतो का कधी? मी वाट बघत राहिले.

शेवटी टोपी फिरवत बोलले. "नेमेसिया, तुझ्याजवळ म्हणून बोलतो. लोकांना आता झेपत नाही. मलाही. आजच दगड उचलावेत आणि बोलणी करावीत. पण मी अध्यक्ष! मी तोंड उघडलं तर कासिमिरा म्हणेल म्हातारा विकला गेला. तिच्यापुढे माझी काय टाप!" जाताना दारातून वळले. "कोणाला बोलू नकोस. शपथ आहे."

कोकाची पानं पुढे केली मला. घेतली. घेतली म्हणजे शपथ झालीच.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कपाळ माझं! आज कासिमिरा!

मशीनजवळच्या पिंपावर बसली आणि ढसाढसा रडली. हीच ती, "मरेपर्यंत"वाली! बाजारातला गाळा बंद, पोरांना दोन्ही वेळा नुसते बटाटे. "मी उद्या नाका उठवायला तयार आहे गं. पण सेवेरो बसलाय ना तिथे दगडासारखा! त्याच्यासमोर मी मागे हटले तर म्हणेल, बघा, बाईची जात. म्हणून ओरडते. जितकं घाबरायला होतं तितकं जोरात ओरडते." मग नाक पुसून, "शप्पथ घे, कोणाला सांगणार नाहीस."

संध्याकाळी दुकानदार डोन रुफिनो. तोच पाढा. "सगळे म्हणतील तसं. पण सगळे काय म्हणतात ते कळायला नको का? मला तर वाटतं मीच एकटा भेकड आहे ह्या वस्तीत."

एकटा! मला हसावं की रडावं कळेना. तिघंही माझ्याकडेच का येतात? कारण माझा नवरा रांगेत आहे. मला तरी सुटका हवी असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आणि नेमकं त्याच कारणाने मी सभेत बोलले तर कोण ऐकणार? म्हणतील नवऱ्यासाठी बोलते. खरंच आहे, नवऱ्यासाठीच बोलेन!

२० ऑगस्ट, बुधवार

फोर्तुनातोच्या अंगात ताप. शेजारच्या ड्रायव्हरने आपलं ब्लँकेट दिलंय त्याला. केळी थंडीने काळी पडली. चांगली होती तेवढी रांगेत वाटून टाकली म्हणाला. खोकला आला की स्टिअरिंग धरतो.

मी सांगितलं त्याला सगळं. नावं नाही सांगितली, शपथ आहे. पण सगळ्यांना नाका उठवायचा आहे हे सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे मला कोणी अडवलेलंच नाही?"

मी त्याच्या पायांवर घोंगडी नीट करत बसले.

"नेमे, तुझ्या सभेत मला एक मत आहे का गं?"

"नाही. प्रत्येक घराचं एक. ते माझ्याकडे आहे."

"मग बघ काय करतेस." एवढंच म्हणाला आणि डोळे मिटले.

उद्या सभा आहे. बोलणार. ठरलं. छे, कसलं ठरलं!

२१ ऑगस्ट, गुरुवार

बोलले.

शाळेच्या मैदानात अख्खी वस्ती. डोन सेवेरोंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणखी कोणाला काही? मी उठले. आदल्या रात्री जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मी थकले. माझा नवरा पलीकडे तापाने फणफणलाय. पण तो नसता तरी मी थकलेच असते. पोरं थकली, म्हाताऱ्या थकल्या. दगड उचलू या. बोलणी करू या. पाणी मिळालं तर मिळालं."

मागून कोणीतरी म्हणालं, "नवऱ्यासाठी!" आणि झालं! "केळ्यांसाठी!" "इतके दिवस आम्ही काय गंमत म्हणून बसलो?" "विकली गेली!" कासिमिरा उठली. तिचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, आता बोलेल. माझ्या बाजूने बोलेल. तिने मूठ वर केली. "मरेपर्यंत!"

आमच्याकडे हात वर करून मत देत नाहीत. पायांनी देतात. उठवायचं असेल त्यांनी गोलपोस्टकडे जायचं, चालू ठेवायचं असेल त्यांनी भिंतीकडे. सगळ्यांनी सगळ्यांना बघायचं, म्हणजे मागाहून कोणाला शब्द फिरवता येत नाही. चांगली रीत आहे, आमच्या बापजाद्यांची. मी गोलपोस्टकडे चालत गेले. मागे वळून पाहिलं. वस्ती भिंतीकडे. डोन सेवेरो भिंतीकडे. रुफिनो भिंतीकडे, मान खाली घालून.

तोंडाशी आलं होतं, एकेकाचं नाव घेऊन सांगावं! ओठ उघडले होते मी. मग दिसलं, त्यांना माझी भीती वाटत होती. तिघांनाही. भीती म्हणजे काय, गयावया करत होते डोळ्यांनी. गिळलं मी.

इतकी एकटी मी आई गेली तेव्हासुद्धा नव्हते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नाक्यावर जेवायला कापड पसरलं. सगळ्यांनी आपापले बटाटे, भाजका मका, चीज मध्ये ओतलं, मीही ओतलं. ह्या अपतापीत, सामाईक जेवणात, कोणी कोणाचं वेगळं खात नाही. माझ्या बाजूचे बटाटे कोणी उचलले नाहीत. ते थंड झाले तसे फडक्यात बांधून घरी आणले.

२३ ऑगस्ट, शनिवार

रस्ता मोकळा!

सकाळी पाळीवर गेले तर दगड नाहीत. टायरं नाहीत, कॉट नाही. सगळं कडेच्या चरात. रात्रीच्या पाळीवाले म्हणतात, आमचा डोळा लागला. सगळ्यांचा! एकदम! गाड्या हॉर्न वाजवत चाललेल्या आणि आमची वस्ती दोन्ही कडांना तोंडात मारल्यासारखी उभी. "पोलिसांचं काम." "सरकारची माणसं आली असणार." सगळ्यात जास्त रुफिनो चिडलेला.

दहाच्या सुमाराला फोर्तुनातोची गाडी आली. स्वतः चालवत आला. घरी आणून झोपवलं, वाफ दिली, दवाखान्यातली नर्स सुई टोचून गेली. फुप्फुस वाचलं म्हणाली, पण आणखी दोन रात्री काढल्या असत्या तर सांगता आलं नसतं. ती गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले. पाच मिनिटं, मस्तपैकी!

संध्याकाळी तो जरा तरतरीत झाला. म्हणाला, "पोलीस कसले! आम्ही केबिनमधून बघत होतो ना. तुझी अख्खी वस्ती होती गं. आधी एक म्हातारा आला, टोपीवाला, हळूच, चोरासारखा. मग शाल पांघरलेली एक जाडी बाई. दोघं एकमेकांना बघून दचकले! मग आणखी आले, मग आणखी. कोणी कोणाशी एक शब्द बोललं नाही. सगळे मिळून ढकलत होते आणि एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते." सांगता सांगता हसायला लागला आणि खोकला आला.

मला नाही हसू आलं.

२४ ऑगस्ट, रविवार

सरकारने कळवलं, रस्ता सुरू झाला आहे, सबब बोलणी करण्याची गरज उरली नाही. नळाचं काम रद्द.

लगेच सभा. मैदानात कोणी कोणाकडे बघेना. अर्ध्या लोकांच्या खरचटलेल्या हातांना चिंध्या बांधलेल्या, कासिमिराचे दोन्ही हात शालीत. डोन सेवेरोंनी विचारलं, "दगड कोणी काढले?" मला वाटलं, आता हे सगळे एकमेकांना फाडून खातील, आणि मग पुढच्या वेळी कोण कोणाशेजारी पाळीला बसणार?

मी उठले. म्हटलं, "मी."

"एकटीने?"

"एकटीने."

एकेक दगड ढकलायला आठ-आठ माणसं लागली होती. कोणी हसलं नाही. मला समितीवरून काढायचं त्यांनी भिंतीकडे जायचं होतं; सगळे भिंतीकडे चालत गेले आणि मला काढलं. आणि काय सांगू, किती हलके वाटत होते सगळे! रुफिनोने कासिमिराच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षी परत बसतील रस्त्यावर, नक्की बसतील.

आता वरच्या गल्लीला पाणी नाही, ते माझ्यामुळे.