कंबरमोडीचा पाला

अथाल, सिल्वासा
६ ऑक्टोबर १९९१

प्रिय सरू,

माझं नाव दिसलं तर पत्र न फोडताच चुलीत घालशील, म्हणून पाकिटावर लिहिलं नाही. ललितरावांच्या दिवसांना तू माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाहीस. आपली माय सगळ्यांसमोर म्हणाली, "कावेरीच्या पाल्यानं पोरीचं कुंकू पुसलं."

पाला कंबरमोडीचाच होता, ते खोटं नाही. आपल्या बांधावर उगवते तीच. एका लांब दांडीवर एकच पिवळं फूल, म्हणून कुणी एकदांडी म्हणतं. इथले लोक परदेशी भांगरो म्हणतात. कारखान्यांच्या कुंपणाला नुसती माजलेली असते. विळ्यानं तुझी करंगळी चिरली होती तेव्हा मायनं हाच पाला चोळून रस पिळला होता, रक्त लगेच थांबलं होतं. औषध आहेच ते सरू, पण वरवरच्या जखमेचं.

ललितरावांच्या टाचेत गंजकी पट्टी खोल घुसली होती, कारखान्यात, भरदुपारी. ह्यांनीच त्यांना पाठीवर घेऊन खोलीवर आणलं. मी रस पिळला, रक्त थांबलं, आणि मी म्हटलं, "आता दवाखान्यात न्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं." हे म्हणाले, "तिथं कुठं लागलं ते लिहून घेतात. शेठ मला मुकादम ठेवणार नाही." ललितराव स्वतःच हसून म्हणाले, "राहू द्या ताई, दादांची नोकरी जायला नको." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या दिवशी म्हणायचं सोडलं. जखम वरून मिटली होती, ते कामावरही जायला लागले होते.

आठव्या दिवशी सकाळी त्यांना भाकरीचा घास चावता येईना. संध्याकाळपर्यंत जबडा मिटला, पाठ ताठ होऊन वर उचलली गेली. दार वाजलं तरी अंगाला झटके यायचे. वलसाडच्या दवाखान्यात दोन दिवस काढले. शुद्ध शेवटपर्यंत होती, हे मी तुला सांगितलं नव्हतं. मिटल्या दातांतून तुझं नाव घेत होते. गावी ह्यांनी सांगितलं, खोलीवर खिळा लागला, हिनं पाला बांधून उशीर केला. मी गप्प राहिले. खरं बोलून कुठं जाणार होते?

परवा हे आणखी एकाला घेऊन आले. बारकू, मोखाड्याकडचा, नवाच लागलेला. तळहात फाटला होता. मला म्हणाले, "कावेरी, पाला आण." मी कुंपणापर्यंत गेले, वाकले, आणि तशीच परत आले. फडकं गच्च बांधलं आणि त्याला रिक्षात बसवलं. हे आडवे आले, तर बारकूच म्हणाला, "बाई, चला तुम्ही." सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात मी कारखान्याचं नाव लिहायला लावलं. काल कामगार अधिकाऱ्यांकडे जाऊन ललितरावांचंही सांगितलं.

तेव्हापासून ह्यांनी मला घरात घेतलं नाही. शेजारच्या मंजुळाबाईंच्या ओटीवर बसून लिहिते आहे. सोमवारी, एकवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता सिल्वासाच्या कामगार कार्यालयात चौकशी आहे. मयताच्या बायकोनं हजर राहावं, असं साहेब म्हणाले. तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी ह्यांच्यासमोर सगळं सांगणार आहे, आणि तिसऱ्या दिवशी मी गप्प बसले, तेही. ते तू परक्याकडून ऐकू नयेस, म्हणून आधी तुला लिहिलं.

तू नाही म्हटलंस तरी तुझीच,
कावेरी