माझी कॅसेट घालून तपासा

लातूर
१२ जुलै २००४

प्रिय देविकाबाई,

तुमच्या वॉकमनचा हिशेब आधी सांगतो. रबरी पट्टा सहा रुपये. हेड पुसायला स्पिरिट आणि कापूस, ते दुकानातलंच. माझी तपासायची कॅसेट त्यानं चावून टाकली. तिला बाजारात किंमत नाही, पण सोळा वर्षं जपली होती. आणि दुरुस्तीला लागली अकरा वर्षं. तुमच्या भाचीकडून, मनस्विनीकडून, मी सहा रुपये घेतले. बाकीचं तुमच्याशी बोलायचं आहे.

तुम्हाला आता लातूर ओळखू येणार नाही. तुम्ही जिथं रसायनशास्त्र शिकवायच्या, त्या पत्र्याच्या क्लासच्या जागी चार मजली इमारत झाली आहे. सुमनबाईंच्या घरात, जिथं तुम्ही एका खोलीत राहायच्या, तिथं आता शिकायला आलेल्या एकवीस पोरी राहतात आणि सकाळी आंघोळीला नंबर लागतो. गल्लीत जिकडे बघावं तिकडे पाठीवर दप्तर. एकेकाळी हातगाडीवर बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या देवणीच्या संगमेश्वरची तीन शटरं झाली, हे सांगायला बरं वाटतं. दोन शटरांत मोबाइल विकतात, तिसऱ्यात मी बसतो. वॉकमन आता महिन्याला दोन-तीन येतात. पुष्कळदा आणणाराच म्हणतो, नाही झालं तरी चालेल.

माझे कान मात्र अजून तसेच तिखट आहेत. यंत्र हातात घेऊन नुसतं हलवलं की सांगतो, पट्टा सैल आहे, मोटर गेली आहे की स्प्रिंग. नवीन पोरगं पायरीवर उभं राहून दोन वाक्यं बोललं की तालुका सांगतो, हा कंधारचा, हा किनवटचा. पोरं पैजा लावतात, हरतात, आणि मला चहा पाजतात. एकदा ऐकलेला आवाज संगमअप्पाच्या कानातून जात नाही, असं गल्लीत म्हणतात. म्हणतात म्हणजे, मीच सांगत असतो.

माझी रीत तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाची कॅसेट कधी वाजवायची नाही. शिकाऊ असताना मी कुणाच्या तरी घरचं भांडण कॅसेटवर ऐकलं आणि बाहेर जाऊन हसत सांगितलं. उस्तादांनी कानाखाली वाजवली. म्हणाले, कॅसेट म्हणजे दुसऱ्याचं घर, बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. तेव्हापासून तपासायला माझी एकच कॅसेट. तिच्यात मीच एक ते शंभर आकडे म्हटलेले. आकडे सरळ आले की यंत्र बरोबर.

भूकंपानंतरचे ते दिवस आठवा. सगळं लातूर घराबाहेर झोपत होतं. माझ्याकडे किल्लारीकडच्या गावांतून मातीनं भरलेले रेडिओ पोत्यानं येत होते. एकेकातून मूठभर माती निघायची. आणणारी माणसं पत्र्याच्या शेडात राहत होती आणि त्यांना बातम्या हव्या होत्या, म्हणून मी खाली मान घालून कामात होतो. त्यात तुम्ही तीनदा वॉकमन घेऊन आलात. ऐकू येत नाही, म्हणालात. तिन्ही वेळा तुमची कॅसेट काढून बाजूला ठेवली, माझी घातली, आकडे ऐकले आणि सांगितलं, काही झालं नाही, ठणठणीत हाय. दुसऱ्या वेळी तुम्ही चिडलात असं वाटलं. तिसऱ्या वेळी म्हणालात, "माझी कॅसेट घालून तपासा ना एकदा." मी हसलो. उस्तादांची गोष्ट तुम्हाला पुन्हा सांगितली, आणि मोठ्या तोऱ्यात सांगितली.

रविवारी तुमचे वडील न्यायला आले. नांदेडला जमीन हलत नाही, असं ते माझ्या दुकानासमोर उभे राहून म्हणाले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. तुमची पेटी बसस्टँडपर्यंत मीच नेली. गाडीत बसल्यावर तुम्ही खिडकीतून विचारलंत, "तपासलंत?" मी म्हटलं, चिंता नको, दहा वर्षं हू का चू करणार नाही. पोचल्याचं पत्र टाका, असंही म्हटलं. ते आलं नाही. मी चार महिने पोस्टमनला चहा पाजला, मग सोडून दिलं. पुढं आईनं निलंग्याच्या, उदगीरच्या मुली दाखवल्या. मी प्रत्येकीत काहीतरी बिघाड काढला. आई जाऊनही आता पाच वर्षं झाली. दुकान बंद करून घरी गेलो की आधी रेडिओ लावतो, कार्यक्रम कुठलाही असो.

गेल्या मंगळवारी मनस्विनी आली. नांदेडची म्हणाली. नांदेडचं कुणी आलं की मी जरा जास्त बोलतो, तसा बोललो. काळा वॉकमन, तसले शेकडो हातातून गेलेले. माझी कॅसेट घातली आणि त्यानं ती गुंडाळून चावली. पट्टा बदलला, पण आता तपासायचं कशानं? ती म्हणाली, काका, माझीच घाला की, शिकवणीची आहे. उस्तादांची मनातल्या मनात माफी मागितली. एक बाजू संपलेली होती, म्हणून उलटून घातली.

एक बाई बोलत होती. "ऐकू येतंय का? बाबा रविवारी न्यायला येताहेत. थांब म्हणालात, तर मी थांबते." पुढं नुसती खरखर.

ती दुसरी बाजू मनस्विनीनं कधी लावलीच नव्हती. वॉकमन, आतली कॅसेट आणि दुकानाचा पत्ता तिला तुम्हीच दिलात, आणि तुम्ही अजून भावाकडेच राहता, हे तिनं नंतर सांगितलं. रविवारी सकाळच्या गाडीनं मी नांदेडला येतो आहे, मनस्विनीकडून मागून ठेवलेला वॉकमन घेऊन. येऊ नका म्हणायचं असेल तर शनिवारपर्यंत दुकानात फोन करा, नंबर तोच आहे, पुढं फक्त दोनचा आकडा लागला. पण ठरवायच्या आधी एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. ती पोरगी सुट्टीत आली की सांगेलच, म्हणून तिच्या आधी हे पत्र. ती तीन वाक्यं ऐकून मी आधी म्हटलं, आवाज स्वच्छ आहे, पट्टा बरोबर बसला. आणि मग तिला विचारलं, हा आवाज कुणाचा गं?

तुमचाच,
संगमेश्वर