अवजारांचं वेगळं बिऱ्हाड

३ मार्च, सोमवार
निर्णय पक्का. फोटो हाताळणाऱ्या माझ्या सॉफ्टवेअर लायब्ररीतून कमांड-लाइनची, म्हणजे काळ्या खिडकीत कमांड देऊन चालवायची, सगळी अवजारं बाहेर. लायब्ररी इतर प्रोग्रॅमनी वापरायची; तिच्यात हे पोटभाडेकरू कशाला? त्यांचं वेगळं पॅकेज. हवं त्याने वेगळं घ्यावं. माझं काम निम्म्यावर येईल. मग बायकोला आणायला जाईन. लेकीला घेऊन जाताना ती एवढंच म्हणाली होती, की घर आणि काम वेगळं करायला जमलं तर कळव.
रविवारपर्यंत संपेल.
सकाळी तिच्याकडून फोटो. रोज येतो. मजकूर नसतो. आज विजेचं मीटर. एकटीला घर झेपत नाही, हे सांगायची तिची पद्धत.

९ मार्च, रविवार
संपलं नाही. पॅकेजचं नाव ठरेना. नावाची घाई करून चालत नाही.
आजचा फोटो: अर्धा अंगठा, बाकी अंधार. संकोच आहे अजून.

१४ मार्च
कामातल्या जोडीदाराचा फोन. लायब्ररीत दुसरा हात फक्त त्याचा. त्याचं म्हणणं, आधी काही महिने नुसती सूचना द्यावी, मग काढावं.
"अरे, कोण कुठे काय वापरतंय, तुला काय ठाऊक?"
मी म्हटलं, माझी माणसं मला ठाऊक आहेत. त्यावर तो म्हणाला, वहिनी कुठे असतात हल्ली? खवचट आहे.

२२ मार्च
एक घाव, दोन तुकडे. नवी आवृत्ती बाहेर. ज्यांचं अपडेट आपोआप होतं, त्यांच्याकडे पोचलीसुद्धा असेल. आता ओरडा होणार. उत्तरं तयार आहेत: नम्र, ठाम, किंचित विनोदी.
चहा दोघांचा झाला. दोन्ही कप प्यायलो.

२३ मार्च
तक्रार नाही. रविवार आहे.
फोटो नाही.

२६ मार्च
तक्रार नाही. म्हणजे काम निर्दोष.
फोटोही नाही. कशावरून बिनसलं कळत नाही. मी तर काहीच केलेलं नाही. आधी फोन मी करणार नाही.

२९ मार्च
फोन केला. दोनदा वाजू दिला आणि ठेवला. समजायचं ते ती समजेल.

३० मार्च, रविवार
लेकीचा फोन.
"बाबा, आईच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक काळी खिडकी उघडून बसते. कमांड सापडत नाही म्हणते. ती कशी घालवायची, आई विचारतेय."
आठवलं. तो कॉम्प्युटर मीच लावून दिला होता, त्या दोघी इथे असताना. मोबाइलमधला नवा फोटो त्यात आपोआप यायचा. तो लहान करून रोज सकाळी तिच्या पत्त्यावरून मला मेल करायची सोय होती, माझ्याच अवजाराने. ऑफिसात बसून घर दिसावं म्हणून. तिला सांगायचं राहिलं असावं.
लेकीला विचारलं, आई हल्ली फोटो पाठवत नाही का. तिने तिकडे विचारलं. मागून आवाज आला, "कसले फोटो? मी कधी पाठवले?" आवाजात राग नव्हता.
नवं पॅकेज टाकून घे, असं सांगता आलं असतं. एका ओळीचं काम. फोटो लगेच पुन्हा सुरू झाले असते.
खिडकी कशी घालवायची ते सांगितलं. लेकीने करून पाहिलं. गेली म्हणाली. थँक्यू म्हणाली.
नव्या आवृत्तीबद्दल आजवर एक तक्रार. निवारण झालं.